ट्रायलची तारीख

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की कॉलेजच्या फलकावर नोटीस लागायची. फुटबॉल संघाची निवड चाचणी, अमुक दिवशी, दुपारी साडेतीन, कॉलेजचे ग्राउंड. इच्छुक विद्यार्थ्यांनी बूट घालून यावे. खाली सरांची सही. गोंदियातले हे कॉलेज कोणते आणि हे सर कोण, ते सांगत नाही. गोष्ट रचलेली आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या ग्राउंडवर ती घडू शकली असती.

सर कामचुकार नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले, 'कलर होल्डर'. ट्रायलच्या दिवशी ग्राउंडवर शंकू मांडलेले, गळ्यात स्टॉपवॉच. आधी तीस मीटरची धाव, मग डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली अमेरिकी सैन्यासाठी बसवलेली बारा मिनिटांची धाव, मग चेंडूवरचा ताबा, आणि शेवटी दोन बाजू पाडून सामना. प्रत्येकाचे गुण वहीत त्याच दिवशी चढत. कोणाचा भाचा, कोणाचा पुतण्या, असले काही त्या वहीत शिरले नाही. एकदा संस्थेतल्या एका बड्या माणसाने आपल्या मुलासाठी शब्द टाकला, तर सरांनी वही उघडून त्या मुलाची बारा मिनिटे दाखवली. तो विषय तिथेच संपला.

तीस-पस्तीस पोरे यायची. शहरातली, रेल्वे वसाहतीतली, फार तर आमगाव-गोरेगावकडची. त्यांतून अठरा निवडायचे, दोन महिने घाम गाळायचा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नागपूर गाठायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांची कॉलेजे येतात. गाठ बहुधा नागपूरच्याच एखाद्या तयार संघाशी पडायची आणि पहिल्याच सामन्यात परतीचा रस्ता. गाडीत पोरे दाराशी उभी राहून गाणी म्हणायची. सर खिडकीपाशी बसून वही चाळायचे. वर्षामागून वर्षे अशी गेल्यावर त्यांचे मत पक्के झाले आणि स्टाफरूममध्ये ते उघड सांगू लागले, "आपल्या जिल्ह्यात कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे. फुटबॉल नाही. मातीतच नाही तर मी कुठून आणू?"

संस्थेला मात्र कप हवा होता. एका वर्षी बैठकीत ठरले की खेळाडूंसाठी वसतिगृहातल्या तीन खाटा राखायच्या. फी माफ, दोन वेळचे जेवण. सर कामठीला गेले. कामठी हे छावणीचे जुने गाव, तिथले फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. तिथून त्यांनी तीन पोरे आणली, आणि पोरे खरेच चांगली होती. एक बॅक, एक हाफ, एक फॉरवर्ड. संघाचा कणा एका महिन्यात बदलला. त्या वर्षी कॉलेज उपांत्य फेरीपर्यंत गेले. वर्तमानपत्रात फोटो आला, प्राचार्यांनी तो चौकटीत बसवून घेतला.

पुढच्या जूनमध्ये तिघेही दुसऱ्या कॉलेजात गेले. त्या कॉलेजाने फीबरोबर बूट आणि हातखर्चही देऊ केला होता, शिवाय ते नागपुरातच होते. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. वीस वर्षांच्या मुलाला घराजवळ राहून चार पैसे जास्त मिळत असतील तर त्याने गोंदियाला का राहावे? ज्या कारणाने तो आला त्याच कारणाने तो गेला. पण सर मनातून खचले. तीन जणांभोवती बांधलेला संघ होता. ते उठून गेल्यावर उरलेल्या पंधरांना एकमेकांकडे चेंडू कसा द्यायचा हेही उमगेना.

हे दुखणे एकट्या गोंदियाचे नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हा मोठाच व्यवसाय आहे. त्यांचा फुटबॉल निराळा, लांबट चेंडूचा, हातात धरून पळायचा. तिथले प्रशिक्षक वर्षभर गावोगाव हिंडून शाळकरी मुलांच्या आईबापांसमोर बसतात, मुलांना 'तारे' देऊन त्यांची प्रतवारी होते. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेल्यावर लगेच मैदानात उतरता येऊ लागले आणि स्वतःच्या नावावर कमाईही करता येऊ लागली. मुलांना हा हक्क मिळाला हे चांगलेच झाले. पण प्रशिक्षकाला आता दरवर्षी संघ नव्याने जमवावा लागतो. आणि एवढी चाळणी लावूनही तिथे निसटणारे निसटतातच. बेकर मेफिल्ड हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून संघाच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता, एकदा नव्हे, दोन कॉलेजांत. २०१७ साली तिथल्या कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, त्यालाच मिळाली. ज्याला कोणी बोलावले नाही तो असा वर येतो, तेव्हा बोलावणाऱ्यांनी आपली यादी पुन्हा वाचायला हवी.

आपले सर त्या यादीपर्यंत पोचले ते डिसेंबरमध्ये.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाने त्यांना सामन्यांसाठी पंच म्हणून बोलावले. या तालुक्याची वस्ती पाहण्यासारखी आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची अरुणनगरसारखी गावे इथे आहेत. गोठणगावाजवळ १९७२ साली वसलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आणि सगळीकडे धान. इटियाडोह धरणाचे पाणी जिथे पोचते तिथे उन्हाळ्यातसुद्धा धान. सर बसमधून उतरले तेव्हा बांध्या रिकाम्या झाल्या होत्या, पुंजणे रचलेली होती आणि शाळेमागच्या पटांगणाभोवती अख्खे गाव उभे होते. एक म्हातारे बंगाली गृहस्थ खुर्ची घेऊन अगदी रेषेला लागून बसले होते. त्यांनी सरांना पहिला प्रश्न विचारला तो ईस्ट बंगाल क्लबचा. कोलकात्यातला १९२० सालचा हा क्लब पूर्व बंगालातून आलेल्यांनी आपला मानला. इथे गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, धानाच्या गावात, त्या क्लबचा परवाचा निकाल सरांपेक्षा त्या म्हाताऱ्यांना जास्त ठाऊक होता.

दुसऱ्या सामन्यात सरांची नजर एका पोरावर खिळली. हडकुळा, अनवाणी, मधल्या फळीत खेळणारा. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचा. मग चेंडू आला की थांबायचा नाही, एका स्पर्शात मोकळ्या जागेत. जिथे कोणी नसायचे तिथे चेंडू जायचा आणि क्षणाने तिथे कोणीतरी पोचलेले असायचे. इतकी वर्षे सर हीच गोष्ट फळ्यावर बाण काढकाढून शिकवत आले होते.

सामना संपल्यावर त्यांनी त्याला बोलावले.

"कुठला रे तू?"

"केशोरीचा जी."

"कॉलेज?"

पोरगा जरा चाचरला. "तुमचंच जी. बी.ए. पहिलं वर्ष. मावशी गोंदियाले राहते, म्हून तिथं ॲडमिशन घेतली."

सरांना क्षणभर बोलता येईना. "माझ्याच कॉलेजात आहेस? मग ट्रायलला का नाही आलास?"

"रोवणी होती जी."

"यंदाच?"

"रोवणी तं दरसालच असते जी." तो अगदी साधेपणाने म्हणाला. "घरी माय-बाप दोघंच. पऱ्ह्याच्या पेंढ्या कोण वाहणार? अन्‌ नोटीसमधी बूट लिहिले होते."

त्याच्या मागे आणखी चौघे उभे होते. दोघे सरांच्याच कॉलेजचे. त्यांचेही तेच उत्तर.

त्या रात्री परतल्यावर सरांनी दोन गोष्टी समोर घेतल्या. एक, प्रवेशाची नोंदवही. दुसरी, ट्रायलच्या त्यांच्या स्वतःच्या वह्या, वर्षावर्षाच्या. नोंदवहीत देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या मुलांची नावे पानोपानी होती. ट्रायलच्या वह्यांत ती बोटांवर मोजण्याइतकी. मृगाचा पाऊस पडला की धानाचे परे टाकतात, आणि जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसाच्या मर्जीने, रोवणी चालते. त्या दिवसांत जिल्ह्यातला प्रत्येक धडधाकट हात चिखलात असतो. सर नेमके तेव्हाच ग्राउंडवर शिट्टी घेऊन उभे राहत आणि जे येत त्यांच्यातून अगदी न्यायाने, एकाही गुणाचा पक्षपात न करता, अठरा निवडत. वहीतला न्याय खरा होता. पण वही उघडण्याआधीच तारखेने अर्धा जिल्हा गाळून टाकलेला असे. जे उरत त्यांना सर जिल्हा म्हणत.

तारखेची ही ताकद जगात इतरत्रही दिसली आहे. कॅनडात १९८०च्या दशकात रॉजर बार्न्सले या मानसशास्त्रज्ञाला बर्फावरच्या हॉकीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. खरे तर ती आधी दिसली त्यांच्या पत्नीला, सामन्याच्या पत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा सहज वाचताना. नामांकित कुमार संघांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जन्मलेल्यांचा भरणा होता. कारण वयोगट मोजायची तारीख १ जानेवारी. नऊ-दहा वर्षांच्या वयात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो. तो निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. निवडणारे म्हणतात, बघा, आमची पारख बरोबर होती.

आणि जवळचे उदाहरण तर सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतली पोरे भर पावसात एक तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी त्या पोरांसाठी सामने भरवले आणि त्यातून पुढे 'स्लम सॉकर' उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' त्यांच्यावरूनच निघाला. मला त्या घटनेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या पोरांनी कुठल्याही ट्रायलला हजेरी लावली नव्हती. शिक्षकच ती खेळत होती तिथे थांबला.

सरांनी पुढचे सहा महिने जे केले ते दिसायला अगदी साधे होते. एका मोठ्या कागदावर त्यांनी जिल्ह्याचे वर्ष मांडले. रोवणी, निंदण, पोळा. दसऱ्यापासून हलक्या धानाची कापणी, दिवाळीनंतर भारी धानाची. मग मंडईच्या जत्रा आणि दंडारीचे खेळ. मार्च-एप्रिलला मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. इटियाडोहच्या लाभक्षेत्रात जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा उन्हाळी रोवणी. कागद भरत गेला तसे त्यांच्या लक्षात आले की पोळ्यानंतर कापणीपर्यंत एक मोकळी फट आहे. ट्रायल तिथे गेली. ती एका ठिकाणी न ठेवता देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव अशी तीन ठिकाणी ठेवली, आणि गोंदियाची चौथी. 'बूट घालून यावे' ही ओळ काढली. कॉलेजच्या कपाटात जुने बूट पडून होते, ते धुऊन पोत्यात भरून सर बरोबर नेऊ लागले.

सालेकशाच्या ट्रायलला दरेकशाचा एक गोंड मुलगा आला. (सर पोरांना गावाच्या नावानेच हाक मारायचे, तेव्हा आपणही त्याला दरेकसा म्हणू.) फुटबॉल त्याने फारसा खेळला नव्हता. कबड्डीत तो कोपऱ्यात उभा राहून घोटा पकडणारा. सरांनी त्याला सहज गोलमध्ये उभे केले. फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटा आत घुसला की भले भले गोली मागच्या पावली सरकतात. दरेकसा पुढे झेपावला आणि फॉरवर्डच्या पायातून चेंडू उचलून उभा राहिला. घोट्याकडे झेप घ्यायची भीती त्याला कधी शिकवलीच गेली नव्हती. वहीतल्या बारा मिनिटांत तो मागे पडला, तीस मीटरमध्ये मधला होता. जुन्या हिशेबाने तो संघात आला नसता. सरांनी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्याचे नाव लिहिले.

अर्जुनीला गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला एक वाऱ्यासारखा मुलगा आला. डाव्या बाजूने तो सुटला की कोणी हाती लागेना. पण नाव विचारताच त्याने आधीच सांगून टाकले, "सर, मी दिवाळीनंतर नसतो. आईबाबांबरोबर स्वेटरच्या दुकानावर असतो, थंडी संपेपर्यंत."

"दुकान कुठे लागतं?"

"नागपूरला."

"अरे, मग सामनेही नागपूरलाच असतात की!" सर मोठ्याने हसले. इतकी वर्षे कोणी त्याला दुकान कुठे लागते हे विचारलेच नव्हते. ठरले असे की सरावाला दिवाळीपर्यंत गोंदियाला, आणि सामन्याच्या दिवशी त्याने दुकानावरून थेट मैदानावर यायचे.

केशोरीच्या घरी सर स्वतः गेले. बाप अंगणात खाटेवर बसला होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. रोवणी आटोपल्यावर सराव, हे त्याला पटले. मग तो म्हणाला, "ते बरं केलं तुमी. पन कापणीचं काय जी? तुमचे मॅच तं कापणीतच येतात."

सरांकडे उत्तर नव्हते. विद्यापीठाची तारीख त्यांच्या हातात नव्हती. त्यांनी तसेच सांगितले. खोटे आश्वासन दिले नाही, आणि मला वाटते पुढचे सगळे त्या एका खरेपणावर उभे राहिले.

संस्थेत मात्र कुरबूर झाली. वसतिगृहातल्या तीन खाटा सरांनी केशोरी, दरेकसा आणि अरुणनगरच्या एका बॅकला दिल्या, कारण ही तिघे सायंकाळचा सराव करून शेवटची गाडी पकडू शकत नव्हती. बैठकीत प्रश्न आला, "या सवलती बाहेरच्या चांगल्या खेळाडूंसाठी आहेत. ही तर आपलीच पोरे, यांना वेगळे काय द्यायचे?" सरांनी तिघांच्या फीच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. दोन वर्षे पूर्ण फी भरलेली. "फी माफ करू नका. फक्त झोपायला जागा द्या."

नोव्हेंबरात संघ नागपूरला गेला. निघायच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला. रात्री दहाला केशोरीचा फोन आला. तो त्या दिवशी घरी गेला होता, सकाळी थेट स्टेशनवर येणार होता.

"सर, कडपा पाण्यात हायेत. बाप एकटा हाये."

धान कापून बांधीतच पसरलेला, त्यावर पाऊस. एक रात्र जास्त राहिला तर लोंबीलाच कोंब फुटतात, वर्षाची कमाई काळी पडते. सरांना हे आता समजत होते. दोन वर्षांपूर्वी समजले नसते.

"धान उचल आधी," सर म्हणाले. "इकडची काळजी करू नको."

सकाळी प्राचार्यांनी सुचवले की त्याचे नाव कापून टाका, ऐनवेळी दगा देणाऱ्याला कसला संघ. सरांनी यादी होती तशी ठेवली. सोळा जण गाडीत बसले. गोठणगाव नागपुरात सकाळपासून शटर उघडून बसला होता. दुपारी आईला गल्ल्यावर बसवून तो मैदानावर आला. दोन सामने जिंकले. दुसऱ्यात दरेकशाने पेनल्टी अडवली. उपांत्यपूर्व सामन्यात मधली फळी तुटली, चेंडू पुढे जाईना, आणि संघ एका गोलने हरला. केशोरी असता तर कदाचित जिंकले असते. सरांना ते लागले, फार लागले. परतीच्या गाडीत ते कोणाशी बोलले नाहीत.

जानेवारीच्या बैठकीत हिशेब मांडला गेला. कामठीची पोरे होती तेव्हा उपांत्य फेरी. आपल्या पोरांबरोबर त्याच्या एक पायरी खाली. आकडा सरांच्या विरुद्ध होता आणि त्यांनी तो लपवला नाही. एक सदस्य म्हणाले, "आणि तुमचा तो केशोरीचा. ऐन वेळी पळाला."

"पळाला नाही," सर म्हणाले. "तो त्या दिवशी कुठे होता हे मला आदल्या रात्रीच ठाऊक होतं. कामठीची तिघं कुठे गेली हे मला वर्तमानपत्रातून कळलं. पोरं दोन्हीकडची चांगलीच. पण कामठीच्या घरांत मी फक्त एकदा गेलो होतो, खाट आणि जेवण सांगायला." मग त्यांनी अठरा नावे वाचली आणि प्रत्येक नावापुढे तो पुढच्या वर्षी कॉलेजात असेल की नाही ते सांगितले. तीन जण तिसऱ्या वर्षाचे, बाकी पंधरा पुन्हा येणार होते. त्या पंधरांपैकी नऊ जणांना मागच्या वर्षीपर्यंत कॉलेजचे ग्राउंड कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नव्हते.

चर्चा लांबली. कोणी मनापासून मान्य केले नाही, पण खाटा आणखी दोन वर्षांसाठी मंजूर झाल्या. बुटांसाठी थोडे पैसेही.

जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, सर स्टोअररूममध्ये जाळ्या मोजत होते. दारात केशोरीचा बाप उभा. गोंदियाला बियाणे घ्यायला आला होता, म्हणून कॉलेज शोधत आला. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि लगेच कामाचे बोलू लागला.

"सर, औंदा मी ठरवलं हाये. तीन बांध्यांत हलका धान लावतो. दसऱ्याच्या मागंपुढं घरी येते तो. उरलेल्यात भारी. म्हंजे पोट्टा नोव्हेंबरात मोकळा राहीन. पन मॅच कोणत्या तारखेले हायेत ते सांगा. बियाणं मले आजच घ्याचं हाये."

स्पर्धांच्या तारखा विद्यापीठ पुढे जाहीर करणार होते. जूनमध्ये त्या आजवर कोणी विचारल्या नव्हत्या. सरांनी भिंतीवरचा तो मोठा कागद खाली घेतला, टेबलावर पसरला आणि दोघे त्यावर वाकले. हलका धान किती दिवसांचा, रोवणी कधी उरकेल, पाऊस लांबला तर काय, हे बाप बोटाने दाखवत गेला आणि सर पेन्सिलने लिहीत गेले. मग सरांनी फोन उचलला, नागपूरला विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लावला आणि विचारले, "फुटबॉलच्या तारखा यंदा केव्हा ठरणार? नाही, परिपत्रकाची वाट पाहून चालणार नाही. आमच्याकडे माणसं बियाणं घ्यायला आली आहेत."